एकाच कमिटमधून दरवेळी तीच अर्काइव्ह: बिल्डचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या बँकांसाठी आणि शेअर दलालांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत बिल्ड आणि रिलीजचे काम नव्याने हाती आले, की सुरुवातीची कामगिरी सोपी वाटते. कोड बिल्ड करायचा, म्हणजे त्यापासून वापरण्याजोग्या फाइली तयार करायच्या, त्यांची झिप किंवा टार अर्काइव्ह, म्हणजे एकच गठ्ठा-फाइल, करायची, तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेला ठसा, काढायचा आणि दोन्ही ग्राहकाकडे पाठवायचे. पुढे कधीतरी ग्राहकाचा लेखापरीक्षक विचारतो, की तुम्ही दिलेली अर्काइव्ह याच कमिटमधून, म्हणजे कोडच्या याच नोंदवलेल्या स्थितीतून, तयार झाली हे कशावरून मानायचे? आपण तोच कमिट काढून पुन्हा बिल्ड करतो आणि चेकसम जुळत नाही, जरी कोडमधले एक अक्षरही बदललेले नसते. अशा वेळी 'फरक फक्त तारखांचा आहे' असे सांगून भागत नाही, कारण फरक आहे एवढेच चेकसम सांगतो. तो निरुपद्रवी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते.

तोच सोर्स, तीच साधने आणि त्याच सूचना दिल्यावर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही दिवशी आणि कोणाच्याही खात्यातून बाइटनबाइट तीच फाइल तयार होत असेल, तर तिला रिप्रॉड्युसिबल अर्काइव्ह म्हणतात. टॉर ब्राउझर आणि डेबियन या प्रकल्पांनी २०१३ पासून या दिशेने पद्धतशीर काम केले, आणि आज वापरात असलेली बहुतेक साधने त्या परंपरेतून आलेली आहेत. या कामाची निकड किती आहे हे मार्च २०२४ मध्ये सर्वांना दिसले. एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेला बॅकडोअर, म्हणजे लपवलेली चोरवाट, तेव्हा उघडकीस आला, आणि त्याला चालना देणारी बिल्ड-स्क्रिप्ट प्रकाशित टार फाइलीत होती, सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत मात्र नव्हती. प्रकाशित अर्काइव्ह रिपॉझिटरीतून जशीच्या तशी पुन्हा करून पाहता येत असेल, तर अशी तफावत लपून राहणे फार अवघड होते.

आपल्याकडे सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, ठेवण्याची अपेक्षा आहे. अशा यादीत घटकांचे हॅश, म्हणजे वर सांगितलेले चेकसमच, नोंदवले जातात. दर बिल्डला हॅश बदलत असेल, तर ती यादी दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे पडताळून पाहता येत नाही, आणि माझ्या मते न पडताळता येणाऱ्या यादीला कागदापलीकडे फारशी किंमत उरत नाही. शिवाय रोजच्या कामातही याचा फायदा होतो. डॉकर इमेजचा, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचा, प्रत्येक थर ही मुळात एक टार फाइलच असते आणि तिची ओळख एसएचए-२५६ वरून ठरते. आतले काही न बदलता हॅश बदलला, की तो संपूर्ण थर पुन्हा अपलोड आणि पुन्हा डाउनलोड होतो.

पुढील पायऱ्यांसाठी टर्मिनलची प्राथमिक ओळख पुरेशी आहे. कमांड आणि त्यांच्या पर्यायांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टंकावीत.

पहिली पायरी: फरक पाडून बघणे

काहीही दुरुस्त करण्याआधी फरक डोळ्यांनी पाहावा. उदाहरणासाठी 'स्थानके' नावाचा फोल्डर घेऊ. त्यात चर्चगेट, दादर आणि ठाणे अशा तीन मजकूर-फाइली आहेत. या फोल्डरची टार फाइल करावी, फाइलींच्या वेळा टच कमांडने बदलाव्यात आणि दुसऱ्या नावाने पुन्हा टार करावी. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आणि मॅकवर 'एसएचएसम' कमांडला 'ए २५६' हा पर्याय देऊन दोन्हींचे चेकसम काढले, तर ते वेगळे येतील. आता 'सीएमपी' ही कमांड दोन्ही फाइलींवर चालवावी. पहिला फरक कितव्या बाइटला आहे हे ती सांगते, आणि ही एक संख्या बरेच काही सांगून जाते.

टार फाइल ५१२ बाइटच्या ठोकळ्यांची बनलेली असते. प्रत्येक फाइलीच्या मजकुराआधी एक ठोकळा हेडरचा असतो आणि त्यातल्या प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असते. १ ते १०० या बाइटमध्ये फाइलीचे नाव असते, १०१ ते १०८ मध्ये परवानग्या, १०९ ते १२४ मध्ये मालकाचा आणि गटाचा क्रमांक, १२५ ते १३६ मध्ये आकार आणि १३७ ते १४८ मध्ये बदलाची वेळ. मालकाचे नाव २६६ व्या बाइटपासून आणि गटाचे नाव २९८ व्या बाइटपासून सुरू होते. म्हणून 'सीएमपी'ने १४६ किंवा १४७ असा आकडा दाखवला, तर दोन फाइलींच्या वेळेत काही सेकंदांचा फरक आहे असे समजावे, कारण वेळ तेथे अष्टमान पद्धतीने लिहिलेली असते आणि तिचे शेवटचे अंक त्या जागी पडतात. आकडा ५१२ हून मोठा असेल तर त्याला ५१२ ने भागून बाकी पाहावी. मात्र तो ठोकळा हेडरचा आहे की मजकुराचा, हे आधी तपासावे. बाकी १ ते १०० यांत पडली तर बहुधा फाइलींचा क्रम बदललेला असतो. झिपच्या पहिल्या नोंदीत ११ आणि १२ या बाइटमध्ये वेळ आणि १३ व १४ मध्ये तारीख असते. जीझिप केलेल्या फाइलीत पाचव्याच बाइटला फरक निघाला, तर जीझिपने स्वतःच्या हेडरमध्ये लिहिलेली वेळ हे त्याचे कारण आहे.

ही आकडेमोड दोनदा-तीनदा हाताने करून पाहण्याचा मी नव्या सहकाऱ्यांना आग्रह करतो. पुढे डिफोस्कोपसारखे साधन हे काम आपोआप करते, पण अर्काइव्हमध्ये नेमके काय लिहिले जाते हे एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले, की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

दुसरी पायरी: आतला मजकूर आणि बाहेरचे वेष्टन वेगळे करणे

दोन्ही अर्काइव्ह वेगवेगळ्या फोल्डरांत उघडाव्यात आणि 'डिफ' कमांडला 'आर' पर्याय देऊन ते फोल्डर ताडून पाहावेत. आतल्या फाइली सारख्या निघाल्या, तर दोष वेष्टनाचा आहे आणि पुढच्या पायऱ्या पुरेशा आहेत. आतल्या फाइलीच वेगळ्या असतील, तर अर्काइव्हच्या पर्यायांशी खेळण्यात अर्थ नाही.

आतल्या फरकाची कारणे ठरावीक असतात. कोणीतरी बिल्डची तारीख कोडमध्ये छापलेली असते, कंपायलरने फोल्डरचा पूर्ण पत्ता फाइलीत लिहिलेला असतो, किंवा जार या जावाच्या अर्काइव्हमधल्या मॅनिफेस्ट नावाच्या माहिती-फाइलीत बिल्ड करणाऱ्याचे नाव गेलेले असते. जावातील प्रॉपर्टीज फाइल 'स्टोअर' पद्धतीने लिहिली की ती वरच्या ओळीत त्या क्षणाची तारीख टाकते. ग्रेडल या बिल्ड साधनात त्याऐवजी राइटप्रॉपर्टीज हे टास्क वापरल्यास तारीख टळते आणि नोंदींची नावेही (कीज) क्रमाने लागतात. पायथॉनच्या पीवायसी, म्हणजे आधीच भाषांतर करून ठेवलेल्या, फाइलींत मूळ फाइलीची वेळ लिहिलेली असते, आणि त्यावर ३.७ या आवृत्तीपासून हॅशवर आधारित पीवायसीचा पर्याय आहे. सी भाषेच्या स्थिर लायब्ररीसाठी 'एआर' कमांडला 'डी' हे अक्षर दिले, की वेळ आणि मालक शून्य लिहिले जातात.

तिसरी पायरी: फाइलींचा क्रम बांधून घेणे

फोल्डरमधल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टीम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने अर्काइव्ह करणारे साधन त्या भरते. तो क्रम वर्णानुक्रमे असेल अशी कोणतीही हमी नसते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमवर तो नावांच्या हॅशवरून ठरतो, आणि त्या हॅशचे बीज प्रत्येक डिस्क फॉरमॅट करताना वेगळे पडते, त्यामुळे तंतोतंत सारख्या दोन लिनक्स यंत्रांवरही क्रम वेगळा येऊ शकतो. विंडोजची एनटीएफएस मात्र नावे क्रमानेच देते. त्यामुळे विंडोजवर काम करणाऱ्या विकसकाला हा दोष कधी दिसत नाही आणि तो थेट सर्व्हरवर उघडा पडतो.

जीएनयू टारच्या १.२८ आणि त्यापुढील आवृत्तींत 'सॉर्ट' या पर्यायाला 'नेम' ही किंमत द्यावी. मॅकवर मुळात येणारी टार ही वेगळी, बीएसडी घराण्यातली आहे आणि तिच्यात हा पर्याय नाही. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज साधनातून जीएनयू टार घ्यावी, ती 'जीटार' या नावाने चालते. झिपला क्रम लावता येत नाही, म्हणून 'फाइंड'ने यादी काढावी, ती 'सॉर्ट'मधून न्यावी आणि '@' पर्यायाने झिपला द्यावी. यादी लावताना 'एलसी_ऑल' या चलाची किंमत 'सी' ठेवणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास वर्णक्रम यंत्राच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून राहतो: आपल्या तीन फाइलींपैकी ठाणेचे नाव मोठ्या रोमन अक्षराने सुरू होत असेल, तर 'सी' क्रमात ती सर्वांत आधी येते, पण भारतीय इंग्रजीच्या सेटिंगमध्ये ती दादरनंतर जाते.

मराठी फाइलनावे वापरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. 'दुसऱ्या वर्गाचे भाडे' असे फाइलीचे नाव असेल, तर त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, जे यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, किंवा 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून, जी मिळून ६ बाइट घेतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम तर नाव साठवताना ते स्वतःहून सुट्या चिन्हांत मोडत असे. शक्य असेल तेथे बिल्डमध्ये जाणाऱ्या फाइलींची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवावीत आणि मराठी मजकूर फाइलीच्या आत ठेवावा. मराठीच्या प्रेमापोटीच हे सांगतो आहे, कारण आतला मजकूर जपायचा असेल तर त्याचे वेष्टन भरवशाचे असले पाहिजे.

चौथी पायरी: वेळ ठरवून देणे

सर्वांत जास्त गोंधळ वेळेचा होतो, म्हणून येथे थोडे थांबू.

गिट फाइलींची वेळ साठवत नाही. कोड चेकआउट केला की प्रत्येक फाइलीला त्या क्षणाची वेळ लागते, आणि तीच अर्काइव्हमध्ये उतरते. यावर उपाय म्हणून रिप्रॉड्युसिबल बिल्ड्स प्रकल्पाने २०१५ मध्ये 'सोर्स_डेट_इपॉक' या पर्यावरण-चलाचा संकेत ठरवला. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद त्यात ठेवायचे असतात. उदाहरणार्थ १७०४०६७२०० म्हणजे १ जानेवारी २०२४ ची यूटीसी मध्यरात्र. मुंबईत त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ही किंमत हाताने लिहू नये. गिट लॉगकडून शेवटच्या एका कमिटची वेळ 'सीटी' या स्वरूपात मागावी आणि तीच चलात भरावी. मग टारच्या 'एमटाइम' पर्यायाला '@' चिन्हापुढे ती संख्या द्यावी.

काही मार्गदर्शक सर्व फाइलींना शून्य वेळ द्या असे सांगतात. मला कमिटची वेळ अधिक योग्य वाटते, आणि त्याला एक ठोस कारण आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर एखाद्या फाइलीचा ईटॅग, म्हणजे ती बदलली का हे ब्राउझरला कळवणारी खूण, तिच्या बदलाच्या वेळेवरून आणि आकारावरून बनवतो. वेळ कायम शून्य ठेवली आणि नव्या रिलीजमध्ये फाइलीचा आकार योगायोगाने तेवढाच राहिला, तर ईटॅगही तोच राहतो, आणि ब्राउझर जुनीच फाइल दाखवत बसतो. दरपत्रकातला १० चा २० झाला, तर आकार बदलत नाही. कमिटची वेळ दिली तर नव्या रिलीजला नवी वेळ आपोआप मिळते आणि तरीही कोणालाही तीच अर्काइव्ह पुन्हा बनवता येते.

झिपची गोष्ट निराळी आहे. तिची मूळ वेळ जुन्या डॉस पद्धतीने लिहिली जाते: सुरुवात १९८० पासून, अचूकता दोन सेकंदांची, आणि टाइमझोनचा उल्लेखच नाही. जी स्थानिक वेळ असेल ती तशीच लिहिली जाते. मुंबईतल्या लॅपटॉपवर सकाळी दहाची फाइल १०:०० अशी जाते आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर तीच फाइल ०४:३० अशी. भारतात सर्वत्र एकच वेळ आहे आणि ती वर्षातून दोनदा पुढे-मागे होत नाही, त्यामुळे टाइमझोनचे दोष आपल्या कार्यालयात सहसा जाणवत नाहीत. ते सीआय सर्व्हरशी, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरशी, तुलना केल्यावरच दिसतात. मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, आणि रात्रीची रिलीज करणाऱ्यांच्या अर्काइव्हच्या नावात तारीख असेल, तर तेथेही हाच घोटाळा होतो. म्हणून झिप करण्याआधी 'टीझेड' चलाची किंमत 'यूटीसी' करावी, सर्व फाइलींना 'टच'ने ठरलेली वेळ द्यावी आणि झिपला मोठ्या 'एक्स'चा पर्याय द्यावा, म्हणजे ती वापरकर्त्याचा क्रमांक आणि जादा वेळा असलेली अतिरिक्त क्षेत्रे लिहीत नाही. त्याच नावाची जुनी झिप तेथे पडलेली असेल तर ती आधी काढून टाकावी, कारण झिप कमांड जुन्या फाइलीवर नवी न लिहिता तिच्यातच भर घालते आणि रिपॉझिटरीतून काढून टाकलेल्या फाइली आत तशाच राहतात.

पाचवी पायरी: मालक आणि परवानग्या

टारमध्ये बिल्ड करणाऱ्याचे खाते नावानिशी जाते. ते ग्राहकाला उपयोगाचे नसते आणि बाहेर जाऊही नये. 'ओनर' आणि 'ग्रुप' या दोन्ही पर्यायांना शून्य द्यावे आणि 'न्यूमेरिक-ओनर' जोडावे, म्हणजे नावे लिहिली जात नाहीत.

परवानग्यांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गिट फक्त फाइल चालवता येण्याजोगी आहे की नाही एवढेच लक्षात ठेवते. बाकीच्या परवानग्या चेकआउटच्या वेळी यंत्राच्या 'यूमास्क'वरून, म्हणजे नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे सांगणाऱ्या सेटिंगवरून, ठरतात. तो ०२२ असेल तर फाइल ६४४ होते (मालकाला वाचणे-लिहिणे, इतरांना फक्त वाचणे), ००२ असेल तर ६६४ (गटालाही लिहिणे). यावर टारच्या 'मोड' पर्यायाला दोन नियम स्वल्पविरामाने जोडून द्यावेत: गट आणि इतर यांना मालकाइतक्या परवानग्या देणारा 'जीओ+यू', आणि मग त्यांच्याकडून लिहिण्याची परवानगी काढून घेणारा 'जीओ-डब्ल्यू'. त्यामुळे ६६४ आणि ६०० या दोन्हींचे ६४४ होते आणि चालणाऱ्या स्क्रिप्टचे ७५५ टिकून राहते. झिपसाठी हेच काम आधी 'सीएचमॉड'ने करून घ्यावे लागते.

सहावी पायरी: फॉरमॅट आणि कॉम्प्रेशन

टारचा फॉरमॅट 'फॉरमॅट' पर्यायाने स्पष्ट सांगावा, नाहीतर तो साधन तयार करणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. जुना यूस्टार नावासाठी १०० बाइट देतो, फोल्डरच्या वाटेसाठी वेगळे १५५. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने १०० बाइटांत जेमतेम ३३ चिन्हे मावतात. नवशिक्यांनी 'जीएनयू' ही किंमत द्यावी. पॅक्स, ज्याला टार 'पॉझिक्स' म्हणते, तो निवडल्यास जादा हेडरमध्ये फाइल शेवटची उघडल्याची वेळही लिहिली जाते. त्यासाठी 'पॅक्स-ऑप्शन'मधून 'एटाइम' आणि 'सीटाइम' वगळण्याची सूचना द्यावी लागते.

टार आणि कॉम्प्रेशन ही दोन कामे वेगळ्या कमांडने करावीत. जीझिपला लहान 'एन'चा पर्याय दिला की ती स्वतःच्या हेडरमध्ये मूळ नाव आणि वेळ लिहीत नाही. कॉम्प्रेशनची पातळीही नेमकी सांगावी. एवढे करूनही एक मर्यादा उरते: तोच मजकूर वेगवेगळ्या लायब्ररी, किंवा एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, वेगळ्या बाइटांत दाबू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. झेडलिब आणि झेडलिब-एनजी या कॉम्प्रेशन लायब्ररींचा निकाल वेगळा येतो. एक्सझेडचा एका थ्रेडवरचा निकाल अनेक थ्रेडच्या पद्धतीपेक्षा वेगळा असतो. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपल्या सोर्स अर्काइव्ह दाबण्याची पद्धत बदलली, तेव्हा आतला एकही बाइट न बदलता चेकसम बदलले आणि त्या चेकसमवर विसंबलेले जगभरचे बिल्ड अडले. तो बदल लगेच मागे घ्यावा लागला. म्हणून मी रिलीजच्या नोंदीत दोन चेकसम लिहितो, एक दाबलेल्या फाइलीचा आणि एक न दाबलेल्या टारचा. पहिला जुळला नाही पण दुसरा जुळला, तर प्रश्न कोठे आहे ते तत्काळ कळते.

बिल्ड सिस्टीममध्ये हे कसे बसवावे

वरचे सारे हाताने करता येणे गरजेचे आहे, पण रोज हाताने करू नये.

ग्रेडलमध्ये झिप, टार आणि जार करणारी सर्व टास्क ॲब्स्ट्रॅक्टअर्काइव्हटास्क या एकाच प्रकारातून आलेली असतात, त्यामुळे बिल्ड फाइलमध्ये 'विथटाइप'ने तो प्रकार निवडून सर्वांना एकदाच नियम लावता येतो. आवृत्ती ३.४ पासून 'प्रिझर्व्हफाइलटाइमस्टॅम्प्स' ला 'फॉल्स' आणि 'रिप्रॉड्युसिबलफाइलऑर्डर' ला 'ट्रू' अशा दोन ओळी त्यासाठी पुरतात. झिपमध्ये तेव्हा सर्व फाइलींवर १ फेब्रुवारी १९८० ही तारीख दिसते. १ जानेवारी मुद्दाम टाळलेली आहे, कारण डॉस वेळेच्या अगदी काठावरच्या त्या तारखेला जावाच्या काही आवृत्त्या वेगळी वागणूक देत. अर्काइव्ह उघडल्यावर ही जुनी तारीख पाहून कोणी घाबरून तक्रार करतो, त्याला हे कारण समजावून सांगावे.

ग्रेडल ९ पासून हे दोन्ही नियम मुळातच लागू असतात आणि परवानग्याही ठरावीक होतात: फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५. जुन्या प्रकल्पाची आवृत्ती वाढवताना येथे जपावे. आपल्या झिपमध्ये एखादी चालवायची शेल-स्क्रिप्ट असेल, तर तिची चालण्याची परवानगी नाहीशी होते आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर 'परवानगी नाकारली' असा संदेश येतो. अशा फाइलींना बिल्ड फाइलमध्ये ७५५ स्पष्टपणे द्यावे. 'यूझफाइलसिस्टिमपरमिशन्स' वापरून जुनी वागणूक परत आणता येते, पण तसे केले की यूमास्कचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मेव्हन या जावाच्या दुसऱ्या बिल्ड साधनात 'प्रोजेक्ट.बिल्ड.आउटपुटटाइमस्टॅम्प' ही प्रॉपर्टी पॉम या प्रकल्पाच्या फाइलीत लिहावी. जार प्लगइन ३.२.० किंवा त्यापुढचे असावे. केवळ सोर्सचीच अर्काइव्ह हवी असेल, तर गिट आर्काइव्ह ही कमांड सर्वांत सरळ आहे, कारण ती कमिटची वेळ, ठरलेला मालक आणि ठरलेल्या परवानग्या स्वतःच वापरते. तिला कमिट किंवा टॅगचे नाव द्यावे. नुसता ट्री, म्हणजे कमिटमधली फक्त फोल्डर-रचना, दिला तर ती चालू वेळ लावते.

शेवटची पायरी: मुद्दाम वेगळ्या परिस्थितीत पुन्हा बिल्ड

एकाच यंत्रावर, एकाच फोल्डरमध्ये, लागोपाठ दोनदा बिल्ड करून चेकसम जुळले, तर त्यातून फार थोडे सिद्ध होते. पडताळणीसाठी दुसरी बिल्ड शक्य तितकी निराळी असावी. पहिली वेळेच्या 'एशिया/कोलकाता' सेटिंगवर आणि दुसरी 'अमेरिका/न्यूयॉर्क'वर करावी. यूमास्क एकदा ०२२ आणि एकदा ००२ ठेवावा. भाषेची सेटिंग बदलावी. वेगळ्या लांबीच्या नावाच्या फोल्डरमध्ये, वेगळ्या खात्यातून, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी बिल्ड करावी. डेबियनच्या मंडळींनी तयार केलेले रिप्रोटेस्ट हे साधन यातले बरेचसे फरक आपोआप घडवते, आणि डिसऑर्डरएफएस ही फाइल सिस्टीम फोल्डरमधल्या फाइलींचा क्रम हेतुपुरस्सर विस्कटून देते.

हे सर्व सीआयमध्ये एक वेगळे काम म्हणून बसवावे आणि चेकसम जुळले नाहीत तर रिलीज थांबावी. केवळ इशारा देणारी तपासणी काही दिवसांत कोणी वाचत नाही. फरक सापडला की डिफोस्कोपला दोन्ही अर्काइव्ह द्याव्यात. ते अर्काइव्हमधली अर्काइव्ह उघडत आतपर्यंत जाते आणि नेमकी कोणती ओळ किंवा कोणते हेडर वेगळे आहे ते दाखवते. बिल्ड ज्या कंटेनर इमेजमध्ये चालते तिचा उल्लेख टॅगने न करता डायजेस्टने, म्हणजे इमेजच्या हॅशने, करावा, कारण टॅग तोच राहून आतली टार किंवा जावाची आवृत्ती बदलू शकते.

आता उरली डिजिटल सही. सहीत वेळ असते, आणि काही पद्धतींत दरवेळी नवी यादृच्छिक संख्याही असते, त्यामुळे सही अर्काइव्हच्या आत गेली की चेकसम पुन्हा कधीच जुळणार नाही. गुप्त किल्ली आपल्याकडेच असल्याने दुसऱ्या कोणाला ती सही तयार करताही येत नाही. म्हणून सही न केलेली अर्काइव्ह हीच मूळ रिलीज मानावी आणि सहीची फाइल तिच्या शेजारी वेगळी ठेवावी. आतच सही मागणारे ग्राहक असतील, तर त्यांना सही केलेली प्रत द्यावी, पण सोबत सही नसलेल्या अर्काइव्हचा चेकसम, कमिटचा हॅश आणि कंटेनरचे डायजेस्ट हेही कळवावे, म्हणजे लेखापरीक्षकाला प्रथम स्वतः बिल्ड करून चेकसम जुळवता येईल आणि त्यानंतर आपली सही तपासता येईल.